चोर, वाणी आणि मोल्दावियाचे बखरकार

न आणि ण यांतला फरक ज्याला कळत नाही त्याला मी एके काळी माणसात धरत नसे. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला त्याचा चांगलाच तोरा होता. मी देशावरची, लग्न करून वसईला आलेली, स्टेशनजवळच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारी आणि इथल्याच एका शाळेत मराठी नि इतिहास शिकवणारी. वर्गातली निम्मी मुलं खाडीकाठच्या गावांतून यायची. ती पानी प्यायची, दाने खायची आणि वर्गात उशिरा येणाऱ्याला कोन आहे असं विचारायची. मी लाल पेन घेऊन त्यांच्या वह्यांतल्या प्रत्येक चुकार न-चा ण करायचे, आणि एक वही संपली की समाजकार्य केल्याच्या समाधानात दुसरी उघडायचे.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. एका शनिवारी शाळा सुटताना एक निवृत्त पोस्टमन मला शोधत आले. मिठागरांच्या पलीकडच्या एका लहानशा गावचे. त्या गावात आणि आसपास त्यांनी आयुष्यभर सायकलवरून पत्रं वाटली होती. निवृत्त झाल्यावर इतरांची पत्रं पोचवून झाली, आता गावाचं पत्र लिहू, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांची आई नव्वदी ओलांडलेली, मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, पण स्मरणशक्ती खणखणीत. ती सांगायची, हे लिहून घ्यायचे. अशा दोन लांबट वह्या भरल्या होत्या. वसईवरच्या झाडून सगळ्या पुस्तकांत किल्ला असतो, किल्ल्यापुढे ही पुस्तकं कधी जातच नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. आता गावाचं स्वतःचं पुस्तक काढायचं, देवीच्या जत्रेला त्याचं प्रकाशन करायचं, आणि आईला तिचीच गोष्ट छापलेल्या पुस्तकातून वाचून दाखवायची, एवढी एक इच्छा त्यांनी धरली होती. पुढच्या जत्रेपर्यंत आई असेल की नाही याची खात्री कोण देणार, म्हणून घाई होती. मी फक्त शुद्धलेखन तपासावं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

शुद्धलेखन हा शब्द ऐकल्यावर मी नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

त्याच काळात मी बाहेरून एम.ए. करत होते. एक पेपर इतिहासलेखनाच्या इतिहासाचा होता. माझ्याबरोबरच्या सगळ्या बायका सोपे विषय घेऊन मोकळ्या झाल्या, आणि मी ऐटीत पूर्व युरोप घेतला, कारण वसईतल्याच पापडीच्या एका जुन्या वाचनालयात मला त्यावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. कुणीतरी दान दिलेलं. त्याच्या कार्डावर माझ्याआधी एकाही वाचकाची नोंद नव्हती. नवऱ्याने पुस्तक हातात तोलून पाहिलं आणि हे दाराला लावायला बरं आहे, वाऱ्याने आपटतं फार, असं मत दिलं.

मी मात्र त्यातल्या एका प्रकरणाच्या प्रेमातच पडले. आज ज्याला रुमानिया म्हणतात त्याच्या एका भागाला पूर्वी मोल्दाविया म्हणत. तीन-साडेतीनशे वर्षांमागे तिथल्या काही सरदारांच्या मनात आलं की आपल्या मुलखाची बखर कुणीतरी लिहायला हवी. तोवर तिथे लिहिणं म्हणजे चर्चच्या जुन्या स्लाव भाषेत लिहिणं, जी गावात कुणी बोलत नसे. या सरदारांनी घरात बोलतात त्या भाषेत लिहायला घेतलं. पहिल्याने लिहिता लिहिता जगाचा निरोप घेतला आणि बखर अर्ध्यावर राहिली. दुसऱ्याने जिथे धागा तुटला तिथून पुढे सुरुवात केली. तिसरा तर फारच गोड माणूस. म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी त्याने बखरीच्या आधी वेगळ्या काढून ठेवल्या आणि वाचणाऱ्याला, पटल्या तर घे, नाही पटल्या तर सोड, अशी मोकळीक देऊन टाकली. पुढे दोनशे वर्षांनी देश म्हणून उभं राहायची वेळ आली तेव्हा तिथल्या विद्वानांनी याच बखरी शोधून छापल्या आणि त्यांच्यावर राष्ट्राचा इतिहास रचला.

पण मला खरी आवडली ती भानगड. पहिल्या सरदाराने आपले लोक मूळचे रोमचे असं लिहिलं होतं. त्याची बखर उतरवून घेणाऱ्या एका लेखनिकाने मध्येच स्वतःच्या पदरची गोष्ट घुसडली. एका राजाने रोमच्या बादशहाकडे मदत मागितली, बादशहाने तुरुंग उघडून सगळे दरोडेखोर पाठवून दिले, आणि तेच या लोकांचे पूर्वज. आता मूळ प्रत गेली, लेखनिकाची राहिली. सरदार कुठे संपतो आणि लेखनिक कुठे सुरू होतो, यावर विद्वान अजून वाद घालतात. दुसरा सरदार हे वाचून असा काही भडकला की आपल्या लोकांच्या मुळावर त्याने एक वेगळं पुस्तकच लिहून काढलं आणि त्या लेखनिकाला त्यात मनसोक्त धुतलं.

पोस्टमनकाका वह्या द्यायला यायचे तेव्हा मी चहाबरोबर त्यांना हे सगळं ऐकवायचे. माझ्या घरात दुसरं कोणी ऐकत नव्हतं. त्यांना ते सगळे सरदार लगेच ओळखीचे झाले. रोमचं ऐकून ते मनापासून हसले. म्हणाले, आमच्या वसईत राजाबरोबर न आलेला माणूस अजून मला भेटायचा आहे. कुणी या राजाबरोबर, कुणी त्या सेनापतीबरोबर, सगळे कसे घोड्यावरून आलेले. काकांच्या मते घोडे एवढे असते तर मुलूख चिखलात रुतून बसला असता. दरोडेखोरांची गोष्ट ऐकून मात्र त्यांचं हसू मावळलं. लेखनिकाला फटके द्यायला हवे होते, असं ते चहा निवेपर्यंत म्हणत राहिले. मी त्या लेखनिकावर पोट धरून हसत होते. नकलायला दिलेलं नकलायचं सोडून हा बाबा स्वतःचं शहाणपण घालतो म्हणजे काय, असं माझं म्हणणं होतं.

आणि मग मी लाल पेन उघडलं.

काकांनी आपला भाग पुस्तकी मराठीत लिहिला होता, पण आईचं बोलणं ती बोलली तसंच उतरवलं होतं. त्यामुळे दोन्ही वह्यांत न-चा नुसता सुळसुळाट. मी एकेक पकडला. पानी, मानूस, आनला, कोन, राखन, सगळ्यांना ण दिला. आईला शुद्ध केलं म्हणा ना. काका एकदा हळूच म्हणाले की आई असं बोलत नाही. मी त्यांना ऐकवलं की छापील पुस्तक शाळेत जाईल, मुलं वाचतील, चुकीचं शिकतील. बाईंच्या पुढे ते काय बोलणार. आयुष्यभर दुसऱ्याने लिहिलेलं जसंच्या तसं पोचवायची त्यांना सवय.

छपाई वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात झाली. एका बाजूला प्लास्टिकच्या बादल्या ओतायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला खोक्यांचा कारखाना, मध्ये ऑफसेट. मी तिथे पुरवणी परीक्षेच्या गठ्ठ्याइतक्याच गांभीर्याने प्रुफं तपासली. एका पानावर, गावाची मूळ माणसं खाडी ओलांडून कशी आली त्या मजकुरात, ‘चोर वाणी होती’ असं काहीतरी दिसलं. दोन नामं शेजारी उभी आणि मध्ये काही नाही. मी स्वल्पविराम दिला. वाक्य झालं, ‘त्या भरतीला आलेली आमची माणसं चोर, वाणी होती.’ मला आठवतं, मी क्षणभर थांबले आणि काकांचं मनातल्या मनात कौतुक केलं. बाकी सगळे राजाबरोबर येतात, हा माणूस सरळ चोर आणि किराणा दुकानदार लिहितो. याला म्हणतात इतिहासकार.

जत्रेला पाच दिवस उरले असताना पाचशे प्रती गावात पोचल्या. त्याच दुपारी काका एक प्रत घेऊन माझ्याकडे आले. बसले नाहीत. पान उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. मग पिशवीतून मूळ वही काढून शेजारी ठेवली. वहीत, माझ्या लाल खुणांखाली, त्यांच्या अक्षरात होतं, ‘आमची मानसं चोरा वानी होती.’ म्हणजे चोरासारखी, पावलं न वाजवता आलेली. चोरा आणि वानी यांत थोडी जागा सुटलेली. मी वानीचा ण करून वाणी केला होता. छापखान्यातल्या ऑपरेटरला चोरा वाणी कळेना, म्हणून त्याने काना उडवला. आणि वर स्वल्पविराम द्यायला मी होतेच.

मला ब्रह्मांड आठवलं. जिच्या गावाकडे गड्यावानी आणि येड्यावानी दिवसातून दहादा कानावर पडतं त्या बाईने हे करावं. मोल्दावियाच्या त्या लेखनिकाने निदान गोष्ट तरी रचली होती. मी एका स्वल्पविरामाच्या भरवशावर अख्खं गाव तुरुंगात टाकलं होतं, आणि वर दुकानही काढून दिलं होतं.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. आईला अजून वाचून दाखवलं नाही, एवढंच ते म्हणाले. तिच्या तोंडी असलं वाक्य घालून तिलाच ऐकवायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. मी घाईघाईने शुद्धिपत्र सुचवलं. एक चिठ्ठी छापू, प्रत्येक प्रतीत घालू, चोर, वाणी नव्हे, चोरावानी असं वाचावं. काका विचार करून म्हणाले, “बाई, तो तुमचा सरदार एवढा चिडला नसता, तर दरोडेखोरांची गोष्ट वसईपर्यंत आली असती का?”

खरंच, चिठ्ठी घातली की सगळे आधी तीच वाचणार. इतिहासाच्या पेपरात त्यांना माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले असते.

मग ठरलं ते असं. व्हाइटनर आणि काळं पेन घेऊन प्रत्येक प्रत हाताने दुरुस्त करायची. स्वल्पविराम पुसायचा, र-ला काना द्यायचा, ण पुसून न काढायचा. पाचशे वेळा. मी शाळेत चुकलेला शब्द दहा वेळा लिहायची शिक्षा द्यायचे आणि ती फार कडक आहे अशी पालकांची तक्रार असायची.

तीन दुपारी मी शाळा सुटली की रिक्षाने त्यांच्या गावी गेले. ओटीवर चटई, चटईवर पुस्तकांचे गठ्ठे, एका कडेला भिंतीला टेकून आई. आकाराने इवलीशी, आवाजाने मोठी. व्हाइटनरच्या वासाने तिला शिंका यायच्या आणि प्रत्येक शिंकेनंतर ती आम्हाला आम्ही काय रंगवतोय ते विचारायची. काका नुसतं हूं करायचे. पुस्तक आलं हे तिला माहीत होतं. वाचून कधी दाखवणार म्हणून ती रोज विचारायची, आणि ते रोज जत्रेच्या दिवशी म्हणून टाळायचे. मला ते बघवत नव्हतं. माझ्या एका ण-पायी म्हातारी ताटकळली होती.

तिसऱ्या दुपारी काका गठ्ठा बांधायला सुतळी आणायला गेले. आईने माझ्या दिशेला तोंड वळवलं.

“बाय, तू तरी वाच. मी काय उद्याची हाय का परवाची, कोनाला ठाव.”

आता दुरुस्त झालेलं पान वाचायला हरकत नव्हती. मी वाचलं. खाडीपलीकडच्या जमीनदाराच्या शेतावर राबणारी चार घरं, ओहोटी, मग भरती, काळोखात लोटलेली होडी. शाळेतल्या आवाजात, ण-बिण सांभाळून वाचलं. ती मान हलवत होती. ‘आलेली आमची माणसं चोरावानी होती’ इथे मान थांबली.

“चोरावानी कोन बोलला?”

मी म्हटलं, तुम्हीच, तुमच्या मुलाने लिहून घेतलंय.

“चोरावानी नाय गं. चोरच व्हती ती.”

होडी त्यांची नव्हतीच, ती म्हणाली. जमीनदाराची होडी सोडली, त्याच्याच कोठारातलं भाताचं बी दोन लहान कणग्या भरून उचललं, आणि या काठाला येऊन पेरलं. तो त्यांना जाऊ देत नव्हता आणि पोटभर देतही नव्हता. गावात आज जे भात आहे ते त्या चोरलेल्या बियाचं. हे सांगताना तिच्या आवाजात लाजेचा मागमूस नव्हता. उलट बी भिजू नये म्हणून कणगी डोक्यावर धरून बसलेल्या बाईचा भाग तिने दोनदा सांगितला. ती बाई तिच्या सासूच्या घराण्यातली होती.

काका सुतळी घेऊन दारातच उभे होते. किती वेळ ते मला माहीत नाही. आईला पाऊल कळलं असावं, कारण तिने सरळ त्यांनाच विचारलं की हे वानी कुठून आणलं. काका खाली बसले. लोक काय म्हणतील, असं काहीतरी पुटपुटले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की लिहिताना चोर शब्दाशी हात थांबला, आणि पुढे वानी आपोआप आलं. थांबून मग काना आणि वानी घातलं, म्हणून मध्ये जागा सुटली होती.

म्हणजे मी ज्याला अशुद्ध लेखन समजले ती जागा एका मुलाच्या संकोचाची होती. आणि मी, छापखाना आणि नशीब, आम्ही मिळून त्या मुलाने जे झाकलं होतं ते उघडं पाडलं होतं, वर वाणी फुकट. मला हसू फुटलं. त्यांना हसू येत नव्हतं. मी जरा रागावूनच म्हटलं की काका, आपण दोघं एकाच माळेचे मणी, लेखनिकाला फटके द्यायला निघालो होतो. त्यांनी पेन उचललं आणि उरलेल्या प्रतींत मुकाट्याने काना देऊन न काढत राहिले. आईने तोंड फिरवून घेतलं. पाचशेवी प्रत संपेपर्यंत ती आमच्याशी एक शब्द बोलली नाही, शिंकलीसुद्धा नाही. मी रिक्षात बसले तेव्हा मला फार वाईट वाटत होतं. पुस्तक निर्दोष झालं होतं आणि जिच्यासाठी केलं तिलाच ते नको झालं होतं.

जत्रेच्या दिवशी देवळापुढच्या मांडवात सगळं गाव जमलं. आईला पहिल्या रांगेत खुर्ची होती. तिने नवं लुगडं नेसलं होतं, पण चेहरा तसाच बंद. पुढाऱ्यांची भाषणं झाली. प्रत्येकाने किल्ल्याचा उल्लेख केला. मग काका उठले, चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि पहिलं पान वाचू लागले.

पहिल्या वाक्यालाच मी दचकले. पानावर माझा ण होता आणि त्यांच्या तोंडून न येत होता. ते पुस्तक हातात धरून आईचं बोलणं बोलत होते. पानी, मानसं, राखन. मांडवातली कुजबुज थांबली. आईचा चेहरा वर झाला. काका त्या ओळीपाशी आले. मी जीव मुठीत धरला, कारण त्यांच्या हातातली ती प्रत मी स्वतःच दुरुस्त केलेली होती, आणि तिच्यात काय लिहिलंय ते मला पक्कं ठाऊक होतं.

“त्या भरतीला आलेली आमची मानसं,” ते म्हणाले, आणि थोडे थांबले, “चोर व्हती.”

ते तसेच पुढे बोलत राहिले, होडी, कोठार, कणगी, डोक्यावर बी धरलेली बाई, यातलं अर्धं पुस्तकात नव्हतंच. संपल्यावर मागून एका म्हाताऱ्याने विचारलं की मग ती होडी शेवटी कोणाची.

पहिल्या रांगेतून आईने मागे वळायचीही तसदी न घेता उत्तर दिलं.

“आपलीच. परत दिली कुटं?”

मांडव असा हसला की देवळातला पुजारी बाहेर येऊन बघू लागला. लोक एकमेकांना चोर म्हणत पाठीवर थापा मारत होते. काका खाली उतरले आणि आधी आईजवळ गेले. तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, चष्म्यासकट, आणि आता माझी गोष्ट वाचलीस, असं म्हणाली. ते डोळे पुसत माझ्या बाजूला येऊन बसले.

“बाई, दुसऱ्या आवृत्तीत वाणीबी नको आन् वानीबी नको.”

मी मान डोलावली. घरी येऊन मी त्यांच्याकडून मागून आणलेल्या दोन्ही लांबट वह्या काढल्या आणि माझ्या लाल पेनाने केलेला एकेक ण खोडून त्याच्यावर पुन्हा न लिहायला बसले.